कैचीमामा

कैचीमामा टपरीवर चहाला गेले, की बसण्याआधी बाकड्याखाली वाकून बघतात. नवख्या माणसाला वाटतं, यांचं काहीतरी पडलंय. सुट्टे पैसे, गेला बाजार तंबाखूची पुडी. तोही बिचारा वाकून शोधू लागतो. मामा बघत असतात बाकड्याचे पाय. पाय टोकाला आहेत की आत घेतलेत, दोन्हीकडं फळी किती बाहेर आलीय, हे विती टाकून मोजायचं, मगच कुणी कुठं बसायचं ते सांगायचं. "तुमी इकडं. तुमी जरा आत सरका. ह्या टोकाला कुनी बसू नका."

बीडच्या बार्शी नाक्यावर त्यांचं कुणी ऐकत नाही. एकदा एक पागोटेवाले आबा नेमके त्याच टोकाला बसले आणि दुसऱ्या अंगाचं गिऱ्हाईक पैसे द्यायला उठलं. बाकडं उभं राहिलं, आबा आडवे झाले, चहा धोतरावर. सगळे आबांना उचलायला धावले. मामा बाकड्याकडं धावले.

"बगितलं का गुर्जी? डाव्या पायाची रिॲक्शन शून्य झाली! आता त्या पायानं बाकडं खाली वडून धरायला पायजे होतं. पन लाकडी पाय निस्ता ढकलतो, वडत नाही."

"मामा, आबांना भाजलंय," मी म्हणालो.

"ते हायेच," मामा म्हणाले आणि पुन्हा वाकले.

आता नावाचं सांगतो. मामांचा न्हाव्याच्या कैचीशी संबंध नाही, शिंप्याच्याही नाही. कैची म्हणजे पत्र्याच्या छपराखाली लोखंडी अँगलांचे त्रिकोण जोडून केलेला सांगाडा असतो ना, ती. इंजिनिअर लोक तिला ट्रस म्हणतात. जिनिंगच्या शेडला, मोंढ्यातल्या गोदामाला, मंगल कार्यालयाला मान वर करून बघा, दिसेल. आपण मंगल कार्यालयात शिरलो की आधी पंगत कुठवर आलीय ते बघतो. मामा आधी वर बघतात. नवरदेवाच्या बापाला एकदा वाटलं, पाहुणे रुसले, तोंड वर करून उभे आहेत. तो हात जोडत आला. मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "ह्या कैचीचं रोलरचं टोक कोन्तं?"

मामा जिल्हा परिषदेच्या बांधकामात ओवरसियर होते. हुद्द्याचं नाव मधे बदललं, पण गावानं ओवरसियर म्हणायचं सोडलं नाही. चौतीस वर्षं नोकरी झाली आणि चौतीस वर्षांत त्यांच्या वाट्याला आल्या त्या मुख्यतः मोऱ्या. ओढ्यावर सिमेंटच्या नळ्या टाकायच्या, वर मुरूम ओढायचा. नळीला ना पिन असते ना रोलर. तरुणपणी तंत्रनिकेतनात कैची शिकले, तिच्यावर जीव जडला आणि संसार मोऱ्यांशी करावा लागला. निवृत्तीनंतर माणसं देवाधर्माला लागतात. मामा आधारांच्या प्रतिक्रियांना लागले.

मी मराठीचा मास्तर. गणिताशी माझं वैर जुनं आहे. पण मामांच्या शेजारी बारा वर्षं राहून ही विद्या भिंतीतून पाझरावी तशी माझ्यात आलीय. ती अशी. कैची दोन टोकांनी टेकते. एका टोकाला पिन. पिन म्हणजे काय? "खुंट्याला आखूड बांधलेला बैल," मामा सांगतात. "तोंड कुनीकडंबी करील, पन जागा सोडनार नाही." म्हणजे पिनेवर कैची जराशी फिरू शकते, वर-खाली नाही, डावी-उजवीकडं नाही. म्हणून पिनेकडून दोन प्रतिक्रिया येतात, एक उभी आणि एक आडवी. दुसऱ्या टोकाला रोलर. तो फक्त वरचं वजन झेलतो. आडवा रेटा आला की मुकाट्यानं सरकतो. त्याची प्रतिक्रिया एकच, उभी. दोन आणि एक तीन. तोल सांभाळायची समीकरणंही तीनच: आडवी बेरीज शून्य, उभी बेरीज शून्य, फिरवण्याची बेरीज शून्य. तीन कुलपं, तीन किल्ल्या.

एवढं झालं की मामा तर्जनी वर करतात. "आन् आधार सोताहून कदीच ढकलत नाही, गुर्जी. तुमी जेवढं घालताल तेवढंच वापस. रत्तीभर जास्त नाही, रत्तीभर कमी नाही."

यावर कुणीतरी म्हणतं, "मामा, असा माणूस दाखवा की एखादा." मग मामांचा खरा दरबार भरतो. त्यांनी अख्ख्या गल्लीची वर्गवारी करून ठेवलीय. किराणा दुकानदार पिन. उधारी मागा, तोंड फिरवील, जागचा हलणार नाही. त्यांचे थोरले जावई रोलर: "वरून कितीबी वजं टाका, घेत्यात. बाजूनं कुनी जरा रेटलं की सरकले." मी? मला त्यांनी बरेच दिवस कुठंच बसवलं नव्हतं. मग एकदा म्हणाले, तुम्ही मधला अँगल. कैचीत काही अँगल असे असतात की त्यांच्यावर ना ताण येतो ना दाब, तरी काढायचे नसतात. मी हे कौतुक म्हणून घेतलं.

आणि पुढारी? "त्याला आधार म्हनत नाहीत. तीनाच्या खाली बंधनं आली की त्या वस्तूला यंत्र म्हनत्यात. ढकलाल तिकडं चालतंय."

मामांच्या शास्त्रातली एक सोय मात्र त्यांनी फारच मनावर घेतलीय. प्रतिक्रिया काढताना तिची दिशा आधी ठाऊक नसते. मग खुशाल एक दिशा धरायची आणि गणित सोडवायचं. उत्तर अधिक आलं तर दिशा बरोबर. उणे आलं तर आकडा तोच, दिशा उलटी. पोरांना हे शिकवणं ठीक आहे. मामा असेच जगतात. पुण्याच्या एका गाडीवाल्यानं गेवराईचा रस्ता विचारला. मामांनी एका दमात हात केला. तासाभरानं तो माणूस मांजरसुंब्याहून परत आला, तापलेला. मामा शांत. "आता कळलं ना? दिशा उनं आली. तुमी गाडी फिरवा, बाकी सगळं बरोबर हाय." निवडणुकीत कोण येणार हे ते छातीठोक सांगतात, आणि दुसराच आला तरी त्यांना हार म्हणून ठाऊक नाही. चिन्ह चुकलं, एवढंच.

घरात मात्र मामांचं गणित अडतं. मामी पण पिन आहेत. दोन्ही टोकांना पिन बसवली की अज्ञातं होतात चार आणि समीकरणं राहतात तीन. वरचं ओझं कुणी किती उचलायचं ते तरी निघतं, पण आडवा रेटा कुणाला किती बसतो, हे नुसत्या तोलाच्या हिशेबातून निघत नाही. मामा एकदा हळूच म्हणाले, "मग साहित्याचा सभाव बघावा लागतो, गुर्जी. किती ताठ, किती लवतं." आतून मामींचा आवाज आला, "दळन आनायचं राह्यलंय." मामा उठले आणि डबा घेऊन गिरणीकडं सरकले. रोलर कोण, ते मी मनातल्या मनात लिहून ठेवलं.

मामांचं सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नाही. दसरा झाला की आमच्या जिल्ह्यातली निम्मीअर्धी वस्ती कारखान्याकडं निघते. कोयता, भांडी, शेळी, पोरं, सगळं एका गाडीत. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, हे बाहेरच्या लोकांना सांगावं लागतं, आम्हाला नाही. तर उसाची बैलगाडी भरताना मामांनी बघितली, की ते हातातलं काम सोडून उभे राहतात. दोन टेकू: एक चाकांचा आस, दुसरा बैलांची मान. मामा वाळूत रेघ ओढून सांगतात. समजा गाडीत दीड टन ऊस आहे. त्याचं वजन आसाच्या वीतभर पुढं, म्हणजे २० सेंटिमीटरवर पडलंय आणि आसापासून जू ३ मीटरवर आहे. मग दीड हजाराला वीस सेंटिमीटरनं गुणा, तीन मीटरनं भागा. मानेवर १०० किलो, एकेका बैलाला पन्नास. तोच ऊस आणखी वीतभर पुढं रचला तर दुप्पट. आणि मागं रचला तर उणे! गाडी उलाळली, जू वर, बैलाच्या गळ्याला फास.

हे ऐकून एक म्हातारा गाडीवान म्हणाला होता, "आमी मानंवर हात ठिवून बघतो साहेब, जू किती दाबतंय ते." मामा त्याच्या पाया पडले. चौतीस वर्षांच्या नोकरीत ते कुणा वरिष्ठाच्याही पाया पडल्याचं ऐकिवात नाही.

मामांच्या पाकिटात देवीच्या फोटोमागं एक झेरॉक्स असते, घड्या पडून कातर झालेली. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८८७ साली बेंजामिन बेकर या इंजिनिअरनं स्कॉटलंडच्या फोर्थ पुलावर व्याख्यान दिलं, तेव्हाचं ते चित्र. दोन माणसं खुर्च्यांवर बसलीत, हात पसरून. हातांखाली काठ्यांचे टेकू. बाहेरच्या हातांना विटांचे ढीग बांधलेत. आणि आतल्या दोन हातांच्या मधोमध एका फळीवर तिसरा माणूस निवांत लटकलाय. हात म्हणजे ताण, काठी म्हणजे दाब, विटा म्हणजे तोल. पूल कसा उभा राहणार ते लोकांना कळावं म्हणून माणसांचाच पूल केला होता. खरा पूल १८९० साली सुरू झाला. त्याचे दोन मोठे गाळे १,७१० फुटांचे आहेत. हे सगळं मामा भराभर सांगतात, कारण त्यांना यायचं असतं मधल्या माणसापाशी. तो जपानी इंजिनिअर, ग्लासगोला शिकलेला. आडनाव वातानाबे. नाव काइची.

"नाव काय?" मामा विचारतात.

"काइची."

"पुन्ना म्हना."

"काइची. कैची."

मामांच्या डोळ्यांत पाणी येतं. बाराशे वेळा सांगितलं असेल, बाराशे वेळा येतं.

ह्या चित्रानं एकदा अनर्थ केला. गल्लीच्या गणपतीला जिवंत देखावा करायचा होता. दरवर्षी अफझलखानाचा वध असायचा. त्या वर्षी खान मिळेना, कारण ठरलेला खान सौदीला नोकरीला गेला होता. मामांनी डाव साधला. फोर्थचा पूल! दोन दांडगे कार्यकर्ते खुर्चीवर बसवले, हातात झाडूचे दांडे दिले, मधे फळीवर चौथीतला एक हलका पोरगा. मागं मी निवेदक, हातात माईक. बाहेरच्या हातांना प्रत्येकी वीस विटा बांधल्या. तालमीत पूल ठणठणीत उभा राहिला. मामांनी त्यावरून पाण्याचा पेला भरून नेऊन दाखवला.

विसर्जनाच्या आदल्या रात्री पडदा उघडायच्या आधी महाप्रसादाची चूल कमी पडली. आचाऱ्यानं इकडंतिकडं बघितलं. डाव्या बाजूच्या वीस विटा त्याला देखाव्याचा भाग वाटल्या नाहीत, आणि त्या बाबतीत मी त्याला दोष देत नाही. पडदा उघडला. मी म्हणालो, "आणि रसिकहो, हा पूल..." डावा कार्यकर्ता खुर्चीसकट आत वळला, पोरगा फळीसकट खाली आला, उजवा कार्यकर्ता स्वतःच्या विटांच्या ओझ्यानं मागं गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं अफझलखानच पडला. पोरग्याला प्रसाद जास्त मिळाला, एवढंच त्याच्या लक्षात राहिलं. मामा मात्र पडद्यामागं माझा हात धरून म्हणत होते, "सिद्ध झालं का नाही? विटांबिगर उभा राहात नाही! सिद्ध झालं!"

१७ सप्टेंबर २०२५, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. त्या दिवशी बीडला रेल्वे आली. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग नव्वदच्या दशकात मंजूर झालेला. आमच्यातल्या कित्येकांचे केस त्या बातमीच्या वाटेवर पांढरे झाले. लोक स्टेशनाकडं लोटले. इंजिनाला हार, फुगे, डोळ्यांना पदर लावलेल्या म्हाताऱ्या. मीही गेलो. मामा दिसेनात. संध्याकाळी गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन आले. गावाबाहेर एका पुलाखाली दिवसभर उभे होते. गर्डर खांबावर कुठं बांधलाय आणि कुठं सरकायला मोकळा ठेवलाय, ते बघत. "गाडी बघितली का?" मी विचारलं. "वरून गेली," मामा म्हणाले. "आवाज आला."

आता माझ्या शेडकडं येतो, कारण तिथं मला त्यांची अक्कल पैसे मोजून कळली.

शेतावर कापूस आणि कडबा ठेवायला शेड घातलं. विटांच्या दोन भिंती, वर बारा मीटर गाळ्याच्या पाच कैच्या, पत्रे. काम एका फॅब्रिकेटरला दिलं. नाव सांगत नाही, माणूस वाईट नाही. मामा पहिल्याच दिवशी आले आणि म्हणाले, एका भिंतीवर कैचीच्या पायाला लांबट भोकं ठेवा, बोल्ट टाका, वेल्डिंग नको. कारागीर म्हणाला, "मामा, हालंल की!" मामा म्हणाले, "हालायलाच पायजे!" दोघं एकमेकांकडं दोन धर्मांची माणसं बघतात तसे बघत राहिले. मामा गेल्यावर कारागिरानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, पक्कं करा. घर असो की शेड, पक्कं म्हणजे चांगलं, एवढंच आपल्याला कळतं. त्यानं दोन्हीकडं वेल्डिंग मारलं.

ट्रॉली भरून आत येताना खालची आडवी पट्टी लागायची, म्हणून ती कापावी असंही माझ्या मनात आलं होतं. मामांनी ते ऐकून मटकन बसून घेतलं. "शिडीच्या घोड्याची मधली दोरी कापून वर चढताल का?" ती पट्टीच कैचीचे दोन्ही पाय एकमेकांशी धरून ठेवते, ती गेली की वरचं सगळं वजन भिंतींना बाहेर ढकलणार. पट्टी वाचली. ट्रॉली कमी भरतो.

मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीला तडा गेला, कैचीच्या पायापासून तिरका खाली, बोट जाईल एवढा. मामांना बोलवायला मी स्वतः गेलो. ते तड्यासमोर बराच वेळ उभे राहिले. रागावले नाहीत. खिशातून खडू काढला आणि भिंतीवरच हिशेब मांडला. लोखंड दर मीटरला दर अंशाला ०.०१२ मिलिमीटर वाढतं. पहाट आणि दुपार यांच्यात पत्र्याखाली तीस अंशांचा फरक धरा. बारा मीटरला झाले ४.३ मिलिमीटर. "एवढुसंच की," मी म्हणालो. "हां. पन जाऊ दिलं नाही ना तुमी." खालची पट्टी ५० बाय ५० बाय ६ चा एकच अँगल. भिंत तसूभरही हलली नाही असं धरलं, तर तेवढी वाढ दाबून ठेवायला चार टनांचा रेटा लागतो. "भित चार टन कुटून आननार? ती बिचारी हालली. हालताना तुमाला सांगितलं तिनं, तडा देऊन."

तोच कारागीर आला. ग्राइंडरनं पश्चिमेचं वेल्डिंग कापलं, लांबट भोकं पाडली, बोल्टाला डबल नट लावून जरासं सैल ठेवलं. "नट काढूनच टाकू का मग?" त्यानं विचारलं. मामांनी त्याला बाहेर नेलं आणि शेजारच्या वस्तीवरची घरं दाखवली. पत्र्यांवर दगड ठेवलेले. वळवाचा वारा पत्र्याला दाबत नाही, वर ओढतो. तेव्हा प्रतिक्रिया उणे होते आणि आधारानं छपराला खाली धरून ठेवावं लागतं. त्यासाठीच ते दगड. आडवं सरकू द्यायचं, वर उठू द्यायचं नाही. कारागीर दगडांकडं बघत राहिला. "आमच्या आईनं ठेवलेत तसले," तो म्हणाला. हल्ली तो कैचीला एका बाजूनं लांबट भोकं पाडतो आणि गिऱ्हाईक "हालंल की" म्हणालं तर मामांचा फोन नंबर देतो.

दुसऱ्या दिवसापासून मामांची ड्युटी सुरू झाली. पहाटे सहाला पायाशी खडूची खूण, दुपारी तीनला पुन्हा खूण, मधलं अंतर स्टीलच्या पट्टीनं. हिशेबात ४.३ होतं; आलं पावणेतीन. मामांचं तोंड उतरलं. चार दिवस पावणेतीनच. मग त्यांनी कुठूनसं तापमापक आणून कैचीला बांधलं. तीस कुठले, फरक वीस अंशांच्या आतबाहेरच निघाला. वीसनं हिशेब केला तर पावणेतीनच्या जवळ येतो. मामांनी भिंतीवरचा तीसचा आकडा खोडला, वीस लिहिला आणि मला पेढे दिले.

तडा अजून बुजवलेला नाही. मी दोनदा सिमेंट कालवलं, दोन्ही वेळा मामांनी ते आपल्या हौदाच्या कठड्याला लावून टाकलं. त्या तड्यात त्यांनी काचेची एक पट्टी चिकटवलीय. भिंत पुन्हा हलली तर काच तडकेल. रोज सकाळी ते येऊन बघून जातात. दोन उन्हाळे झाले, काच शाबूत आहे.